विनोदी सिनेमाची ब्लू-रे: आधी मागच्या माणसाचा चेहरा पाहा

ब्लू-रेचं, म्हणजे डीव्हीडीसारख्याच पण जास्त बारकावे दाखवणाऱ्या डिस्कचं, चित्र कसं आहे हे ठरवताना बहुतेक जण रात्रीचे प्रसंग, काळोख आणि हाणामारी पाहतात. विनोदी सिनेमाला ती मोजपट्टी चालत नाही. तिथे उजेड भरपूर असतो, भिंती फिक्या असतात, कॅमेरा जरा लांब उभा असतो आणि एका चौकटीत चार-पाच माणसं असतात. पुढचा थाप मारत असतो, पण हशा येतो तो मागे दाराशी उभ्या असलेल्याच्या भुवया वर गेल्यामुळे. त्या भुवया दिसल्या नाहीत तर डिस्क नापास, खोक्यावर काहीही छापलेलं असो. पुढे लिहिलेलं सगळं त्या भुवयांसाठी आहे.

डिस्कच्या आधी टीव्ही

गावात घरोघरी ३२ इंची टीव्ही आहेत आणि त्यांतले पुष्कळ 'एचडी रेडी' आहेत. त्यांच्या पॅनेलवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके (पिक्सेल) असतात. ब्लू-रेवरचं चित्र १९२० बाय १०८० चं. गुणाकार करून पाहा, टीव्ही जवळपास निम्मे ठिपके गाळून उरलेले दाखवतो. अशा टीव्हीवर रंग, चौकट आणि वेग तपासता येतात, पण बारकाव्याबद्दल मत देऊ नये. मेनूत '१०८० पी' असं उमटलं म्हणून फसू नका. तो आत येणारा सिग्नल असतो, पॅनेल नाही. मॉडेल नंबर घेऊन माहितीपुस्तकात पॅनेलचं रिझोल्यूशन पाहायचं.

टीव्ही ४३ इंची फुल एचडी असेल तर तपासताना साडेपाच फुटांवर बसा. या पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर, म्हणजे एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. चांगल्या नजरेला तो तेवढ्याच अंतरापर्यंत वेगळा कळतो. आपल्याकडे दिवाण असतो समोरच्या भिंतीला, दहा-बारा फुटांवर. बारा फुटांवरून त्याच पडद्यावर आडवे नऊशेच्या आसपास ठिपके वेगळे ओळखू येतात. तिथून चांगली डीव्हीडी आणि ब्लू-रे सारखीच वाटली तर त्यात डिस्कचा दोष नाही. सिनेमा खुशाल दिवाणावरून पाहा, तपासणीपुरती प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढा.

आता मेनू. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' काढून 'सिनेमा', 'मूव्ही' नाहीतर 'फिल्ममेकर' लावा. रंगछटा 'वॉर्म' ठेवा. पहिली पाच-दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र कमी-जास्त करणारा सेन्सर, सगळं बंद. शार्पनेस बहुतेक टीव्हींवर शून्यावर किंवा त्याच्या जवळ आणायचा. सोनीच्या बऱ्याच टीव्हींवर मात्र ५० हा मधला आकडाच तटस्थ असतो, तिथे शून्य केलं तर चित्र उलट मऊ पडतं.

हालचाल गुळगुळीत करणारी सोय हमखास बंद करा. एलजीवर ती 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो', सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' या नावाने असते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. ही सोय दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेल्या फ्रेम घालते. थोबाडीत मारताना हात जिथे झटकन पोचायला हवा तिथे तो तरंगत पोचतो, आणि बोटांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. विनोदाचा घात याहून सोप्या रीतीने करता येत नाही.

'ओव्हरस्कॅन' हाही लपलेला चोर. टीव्ही चारही कडांचा थोडा भाग कापून उरलेलं चित्र ताणतो. 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' असं जे काही नाव असेल ते चालू करा. प्लेयरमध्ये २४ पी आउटपुट, म्हणजे सिनेमाच्या मूळ २४ फ्रेमच टीव्हीला देणारी सोय, चालू करा. शेवटी एचडीएमआयची रेंज, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची मर्यादा: टीव्ही आणि प्लेयर दोन्हीकडे एकच असली पाहिजे, शक्यतो 'लिमिटेड'. ती जुळली नाही तर दोनपैकी एक होतं. काळे केस धुरकट राखाडी दिसतात, किंवा डोक्यावर केसांऐवजी नुसता काळा गोळा दिसतो. अशी राखाडी डिस्क पाहून लोक तक्रार करतात आणि दोष निघतो मेनूत.

खोली, ऊन आणि लाईन

मे महिन्यात आपल्याकडे पावणेसातपर्यंत ऊन असतं आणि नंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. तपासणी आठनंतरच करा, खिडकीला जाड गोधडी लावून. समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट पडद्यात उमटते, ती बंद. टीव्हीच्या मागे एखादा मंद पांढरा दिवा असला तर डोळ्यांना बरं पडतं. खोलीला गडद निळा किंवा पोपटी ऑइल पेंट असेल तर चेहऱ्यांच्या रंगाबद्दल मत बनवताना सावध राहा. भिंतीवरून उसळलेला रंग डोळ्याला फसवतो. टीव्हीच्या बाजूला स्वच्छ पांढरा कपडा टांगला की डोळ्याला पांढऱ्याचा आधार मिळतो.

प्लेयर कूलरच्या झोतात ठेवू नका. ओलसर हवा आणि तिच्यातली धूळ थेट लेझरच्या भिंगावर बसते. जिनिंगच्या जवळच्या गावांत कापसाचा बारीक तंतू झरोक्यांत अडकतो, तो महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने काढा. बऱ्याच प्लेयरची शिफारस ५ ते ३५ अंशांची असते. टिनाच्या छताखाली मे महिन्याच्या दुपारी हा आकडा कधीच मागे पडलेला असतो. तापलेला प्लेयर डिस्क नीट वाचत नाही. चित्र अडकतं, ठोकळे फुटतात, आवाज तुटतो. तो दोष डिस्कवरच्या चित्राचा आहे की वाचण्याचा, हे ओळखणं सोपं आहे. मागे जाऊन तोच प्रसंग पुन्हा लावा. डिस्कवर मावावं म्हणून चित्र दाबताना (कॉम्प्रेस करताना) राहिलेला दोष दरवेळी त्याच फ्रेमला, तसाच दिसतो. वाचण्यातला दोष जागा बदलतो, बहुतेक वेळा आवाजही सोबत तुटतो, आणि रात्री थंडाव्यात निघूनही जातो.

रात्री थ्री फेज आली आणि वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. त्याने चित्र बिघडत नाही. आजचे टीव्ही आणि प्लेयर १०० ते २४० व्होल्टवर सारखेच चालतात. स्टॅबिलायझर लावल्याने रंग खुलतात हा दुकानदाराचा समज आहे. भीती असते लाईन गेल्यावर परत येतानाच्या झटक्याची. म्हणून लाईन गेली की दोन्ही प्लग काढा आणि आली की दोन-तीन मिनिटांनी लावा. मृगाच्या आगेमागे विजा कडाडतात तेव्हा डिशची केबलही काढा. छतावरच्या डिशमधून आलेला झटका सेट-टॉप बॉक्समार्गे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टपर्यंत पोचतो.

खोक्यावरचे शब्द आणि जागेचा हिशोब

'डिजिटली रिमास्टर्ड' या शब्दांना ठराविक असा काही अर्थ नाही. अर्थ असतो तो मागच्या बारीक अक्षरांना: १०८० पी (दरवेळी पूर्ण फ्रेम) की १०८० आय (एकाआड एक ओळी), चौकटीचं प्रमाण, डिस्क २५ जीबीची की ५० ची, आणि रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेयरसाठी आहे ते. भारत रीजन सी मध्ये आहे, अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये. नागपूर-अमरावतीत घेतलेल्या प्लेयरवर बाहेरून मागवलेली रीजन ए ची डिस्क चालेलच असं नाही, पैसे भरण्याआधी पाहून घ्या. आठवडी बाजारात 'एचडी' छापलेल्या डिस्क मिळतात त्या बहुतेक साध्या डीव्हीडी असतात. डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ किंवा ७२० बाय ४८० याहून मोठं चित्र बसतच नाही, कव्हर कितीही चकचकीत असो.

जागेचा हिशोब असा. १४० मिनिटांचा सिनेमा म्हणजे ८४०० सेकंद. २५ जीबीची डिस्क काठोकाठ भरली तर आवाज धरून सेकंदाला सुमारे २४ मेगाबिट माहिती मिळते, यालाच बिटरेट म्हणतात. त्याच डिस्कवर दोन सिनेमे कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला १२. ब्लू-रेवर चित्रासाठी कमाल मर्यादा ४० मेगाबिटची आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवर काढलेल्या जुन्या रंगीत सिनेमाला २० च्या वर मिळाले तर मी निर्धास्त असतो. १५ च्या खाली गर्दीच्या प्रसंगांत ठोकळे शोधायला लागतो.

संगणकाला ब्लू-रे ड्राइव्ह असेल तर 'बीडीएमव्ही' फोल्डरातल्या 'स्ट्रीम' मध्ये सगळ्यात मोठी फाइल पाहा. विंडोज दाखवतं त्या जीबीच्या आकड्याला ८५९० ने गुणा आणि सिनेमाच्या सेकंदांनी भागा. फाइल १८ जीबी आणि सिनेमा ८४०० सेकंदांचा असेल तर उत्तर येतं १८.४ मेगाबिट. काही प्लेयर रिमोटवरच्या 'डिस्प्ले' बटनाने चालू बिटरेटही दाखवतात. मात्र एक लक्षात असू द्या: जुन्या व्हिडिओ टेपवरून ओढूनताणून मोठं केलेलं चित्र ३५ मेगाबिटने भरलं तरी ते टेपचंच चित्र राहतं.

सेन्सॉरच्या पाटीवरून वेळ काढा

आपल्या सिनेमांच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र काही सेकंद दिसतं. ते वगळू नका, पॉज करा. फिल्मच्या काळातल्या पाटीवर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर धावते. लांबीला २७.४३ ने भागलं की सिनेमाची खरी मिनिटं हातात येतात. पाटीवर ३८४० मीटर असेल तर १४० मिनिटं.

आता डिस्कवरची वेळ पाहा. १४० च्या एक-दोन मिनिटं इकडेतिकडे असेल तर ठीक. कंपनीच्या नावाच्या पाट्या आणि मध्यंतर यांत तेवढा फरक पडतो. वेळ १३४ मिनिटं २४ सेकंदांच्या आसपास असेल तर सिनेमा सेकंदाला २५ फ्रेमने पळवलेला आहे. २४ भागिले २५ म्हणजे ०.९६, आणि १४० चे ०.९६ पट तेवढेच होतात. याचा अर्थ माल बहुधा जुन्या पाल (सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीच्या) व्हिडिओ टेपवरचा आहे. दोन संवादांमधला दोन सेकंदांचा थांबा १.९२ सेकंदांचा होतो. तेवढ्याने विनोद पडत नाही, पण आवाज पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या सुमारे ७० टक्के चढतो. वर्षानुवर्षं कानात बसलेला नटाचा आवाज पातळ झालेला लगेच कळतो. आणि वेळ १२५ मिनिटंच भरत असेल तर कात्री चाललेली आहे. बहुतेक वेळा एखादं गाणं किंवा नोकर-शेजाऱ्याचा उपकथेचा भाग गेलेला असतो.

पाटीच उडवली असेल तर हा हिशोब करता येत नाही. अशा वेळी रिळांचं वळण पाहावं लागतं, त्याबद्दल पुढे.

पाय कापले का?

सिनेमास्कोप (जास्त रुंद पडद्याचा प्रकार) नसलेल्या जुन्या सिनेमाची चौकट १.३७ ला १ असते, म्हणजे उंचीच्या १.३७ पट रुंद. १०८० उंचीच्या पडद्यावर ती १४८० रुंद बसते, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते पट्टे पाहून पैसे वाया गेले असं वाटून घेऊ नका, तेच बरोबर आहे. 'फुल स्क्रीन' च्या हौसेपायी वरून-खालून कापून १६ बाय ९ केलं की उंचीचा २३ टक्के भाग जातो. विनोदी सिनेमात त्या भागात काय असतं? वर टोपी आणि खाली पाय. केळीच्या सालीवरून घसरणाऱ्याचे पाय दिसले नाहीत तर तो नुसता खाली गायब होतो. उलट, सिनेमास्कोपची २.३५ ची चौकट बाजूंनी कापली की रुंदीचा जवळपास चौथा भाग जातो, आणि कडेला उभा असलेला तिसरा माणूस सिनेमातूनच बाहेर पडतो.

दुसरा प्रकार ताणण्याचा. बंडीचं चाक, जेवणाचं ताट, भिंतीवरचं घड्याळ, समोरून दिसणारी कुठलीही गोल वस्तू आली की पॉज करा आणि पडद्यावर फूटपट्टी लावून रुंदी-उंची मोजा. ती सारखी यायला हवी. रुंदी उंचीच्या सव्वापटीपेक्षा जास्त भरली तर चौकोनी चित्र रुंद ताणलेलं आहे. आधी रिमोटवरचं 'ॲस्पेक्ट' बटन तपासा. तिथे सगळं ठीक असेल तर दोष डिस्कचा.

निगेटिव्ह की वापरलेली प्रिंट?

उत्तम डिस्क मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून, म्हणजे शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात असलेल्या फिल्मवरून, स्कॅन होते. निगेटिव्ह सापडत नाही किंवा खराब झालेली असते तेव्हा टॉकीजमध्ये फिरलेली प्रिंट वापरतात. हे कोणी खोक्यावर लिहीत नाही, पण चित्र सांगतं.

रीळ संपायच्या आधी वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका दिसला आणि सात-आठ सेकंदांनी पुन्हा दिसला, तर ती प्रोजेक्टर बदलण्याची खूण आहे. अशा खुणा प्रिंटवर असतात. रिळाच्या टोकाशी कचरा आणि ओरखडे वाढतात, नवं रीळ सुरू होताच चित्र पुन्हा बरं होतं, आणि हे ठराविक अंतराने घडत राहतं. त्यावरूनही प्रिंट ओळखता येते. सेन्सॉरची पाटी नसेल तेव्हा याच वळणांवर संवाद तुटतो का, उडी मारतो का हे पाहा. टोकांचे तुकडे वर्षानुवर्षं झिजून, कापून गेलेले असतात.

काळे कण हे स्कॅन केलेल्या प्रिंटवरच्या घाणीचे. पांढरे कण निगेटिव्हवरच्या घाणीचे, मग ती स्कॅनच्या वेळची असो किंवा प्रिंट काढतानाच उतरलेली असो. हिरवी उभी रेघ सतत नाचत असेल तर प्रिंटवरचा ओरखडा आहे. रंगीत प्रिंटमध्ये सगळ्यात वरचा थर मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) असतो, तो खरवडला की खालचे सायन (हिरवट निळा) आणि पिवळा मिळून हिरवं दिसतं. ओरखडा आणखी खोल गेला तर पिवळी रेघ येते.

प्रिंटवरून केलेल्या डिस्कला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. दुसरं काही शिल्लकच नसेल तर ती मोलाचीच आहे. तिच्यात पांढरे सदरे फटफटीत होतात आणि काळे केस गुडूप होतात, कारण प्रिंटचा कॉन्ट्रास्टच चढा असतो.

रंगही पाहा. जुन्या रंगीत प्रिंटमधला सायन रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी-तांबूस पडतं. ते सुधारताना ओढाताण होते: चेहरे सावरले की आकाश हिरवट, आकाश सावरलं की सावळा चेहरा राखेसारखा. आपल्या माणसांचा उन्हात रापलेला रंग आपल्याला चांगला ठाऊक आहे. नट शेतकरी असो की पोस्टमन, दुपारच्या उन्हातला त्याचा चेहरा खरा वाटतो का, एवढं विचारा. हिरवं झाड आणि पांढरं धोतर एकाच चौकटीत असलेला प्रसंग निवडा. दोन्ही बरोबर दिसले तर रंग करणाऱ्याने मेहनत घेतली आहे.

पुसलेले चेहरे

विनोदी सिनेमांच्या डिस्कवर सगळ्यात जास्त अत्याचार इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

फिल्मवरचं चित्र दाण्यांचं बनलेलं असतं. हा दाणा, म्हणजे ग्रेन, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा पडतो, म्हणून चालू चित्रात तो हलके वळवळताना दिसतो. तो कचरा नव्हे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दाढीचे खुंट, लुगड्याचा पोत, सगळं त्याच दाण्यांत आहे. 'चकाचक' चित्र हवं म्हणून नॉइज रिडक्शनने दाणा पुसला की हा तपशीलही पुसला जातो. जवळच्या दृश्यात माणूस मेणाचा दिसतो. लांबच्या दृश्यात नुकसान त्याहून मोठं असतं: मागच्या माणसाचा चेहरा पडद्यावर चाळीस-पन्नास ठिपक्यांएवढाच असतो, त्यात भुवई दोन-तीन ठिपक्यांची. ती एकदा सपाट झाली की विनोद गेला. दुसरं म्हणजे विनोदी सिनेमाकडे 'टाइमपास' म्हणून पाहिलं जातं, त्यामुळे हाताने फ्रेमनिहाय सफाई करण्याऐवजी सगळी फिल्म यंत्रातून एका झटक्यात काढतात. मला याचा मनापासून राग आहे.

ओळखायचं कसं? लांबच्या दृश्यावर पॉज करा आणि एकेक फ्रेम पुढे न्या. फिक्या भिंतीवर पाहा. प्रत्येक फ्रेमला दाण्याची मांडणी बदलली तर उत्तम. दाणा अजिबातच नसेल तर पुसलेला आहे. सगळ्यात वाईट म्हणजे थिजलेला दाणा: माणूस हलतो पण दाणा पडद्याला चिकटून एकाच जागी राहतो, जणू घाणेरड्या काचेमागून बघतोय. तेव्हा समजा की यंत्राने शेजारशेजारच्या फ्रेम एकत्र कालवल्या आहेत.

पुढची तपासणी थपडेवर. थप्पड किंवा पळापळीचा प्रसंग लावा आणि फ्रेमनिहाय पुढे जा. हाताच्या मागे आधीच्या फ्रेमच्या हाताची पुसट सावली राहिली तर तेच कालवणं पुन्हा पकडलं गेलं. कॅमेऱ्यातला नैसर्गिक धूसरपणा आणि ही सावली यांत गल्लत करू नका. नैसर्गिक धूसरपणा हालचालीच्या दिशेने एकसंध पसरतो, यंत्राची सावली वेगळी, सुटी उभी असते.

आणि फेकलेली चप्पल! सफाईचं यंत्र एकाच फ्रेममध्ये दिसणारी लहान वस्तू म्हणजे घाण असं धरून चालतं. वेगाने उडणारी वस्तू दर फ्रेमला नव्या जागी असते, त्यामुळे यंत्राला तीही घाणच वाटते. उडालेलं टमाटं, तोंडातून फवारलेला चहा, भांडणात उडालेल्या बांगड्यांचे तुकडे मध्येच दोन फ्रेम गायब होतात किंवा अर्धे कापले जातात. विनोदी सिनेमात असल्या वस्तू क्षणाक्षणाला उडतात. प्रत्येक डिस्कमध्ये असे दोन-तीन प्रसंग शोधून तपासावेत.

दाणा पुसल्यावर चित्र मऊ पडतं, ते झाकायला कृत्रिम धार चढवतात. मोकळ्या आकाशासमोर काळी टोपी किंवा विजेचा खांब आला की कडेला पांढरी बारीक रेघ दिसते का पाहा. टीव्हीची शार्पनेस आधीच खाली आणलेली असेल तर ती रेघ डिस्कवरचीच.

टेपवरून मोठं केलेलं चित्र ओळखायला मराठी पाट्या कामी येतात. बाजाराच्या दृश्यात मागच्या दुकानाची पाटी वाचा. खऱ्या एचडी चित्रात अनुस्वार, रफार, जोडाक्षराचा बारीक दांडा सुटा दिसतो. मोठ्या केलेल्या चित्रात शब्द अंदाजाने वाचता येतो, पण अनुस्वार शिरोरेषेला चिकटून गेलेला असतो.

ज्याचा दोष डिस्कला देऊ नये

एक दृश्य विरघळून दुसरं येतं तिथे आधी-नंतर काही सेकंद चित्र मऊ आणि दाणेदार होतं. जुन्या काळी हे काम लॅबमध्ये फिल्मवरून फिल्मवर व्हायचं, एक पिढी उतरायचीच. नावांच्या पाट्यांखालची दृश्यं तशीच. दुहेरी भूमिकेत दोन जुळे समोरासमोर असताना मध्ये पुसट उभी रेघ थरथरते, तीही मूळ फिल्मवरची. पाठलाग वेगवान दिसावा म्हणून कॅमेरा २४ ऐवजी १८-२० फ्रेमने चालवून शूट करायचे, त्यामुळे तिथली हालचाल झटकेदार दिसणारच.

खोट्या मिशीखालची जाळी, टोपाची कपाळावरची कड, बाईचा वेष घेतलेल्या नटाच्या हनुवटीवर पावडरीखाली डोकावणारी दाढी, हे सगळं दिसायला लागलं तर आनंद माना. डिस्क चांगली आहे. जिथे हे दिसत नाही तिथे डिस्कवर बोळा फिरलेला आहे.

ठोकळे आणि पट्टे

हे लवकर उरकतं. गुलाल, पाण्याचे फवारे, धुरळा, टाळ्या वाजवणारी गर्दी, या जागी पॉज करून चौकोनी ठोकळे शोधा. निळ्या आकाशात किंवा अंधारात विरणाऱ्या दृश्यात रंगाच्या पायऱ्या दिसतात का पाहा. ब्लू-रेचं चित्र ८ बिटचं असतं, म्हणजे रंगाच्या छटा मोजक्याच पायऱ्यांत असतात, म्हणून पुसट पायऱ्या चांगल्या डिस्कवरही येतात. ढळढळीत पट्टे आले तर मात्र दाणा पुसल्याचा तो आणखी एक पुरावा, कारण दाण्यामुळेच या पायऱ्या डोळ्याला जाणवत नाहीत. १०८० आय च्या डिस्कवर पळणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा आल्या तर आधी प्लेयरचं आउटपुट १०८० पी वर करून पाहा. तरीही राहिल्या तर त्या चित्रातच भाजलेल्या आहेत.

पाहण्याचा क्रम

पहिल्यांदा सिनेमा सलग पाहा, पॉज न करता, दिवाणावरून, घरच्यांसोबत. जिथे काही खटकेल तिथली फक्त वेळ वहीत टिपा. मधूनच एखाद्या गर्दीच्या प्रसंगानंतर घरच्यांना विचारा, मागे उभा होता तो काय करत होता? ज्यांना सिनेमा तोंडपाठ नाही अशांना विचारा. दोघा-तिघांना सांगता आलं तर निम्मी परीक्षा तिथेच झाली. दुसऱ्यांदा खुर्ची पुढे घेऊन टिपलेल्या वेळा, पाटी, लांबची दृश्यं, थप्पड, चप्पल आणि आकाश एवढंच पाहा.

मत लिहिताना टीव्हीचा आकार, त्याचं रिझोल्यूशन आणि बसण्याचं अंतर लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला त्या मताचा उपयोग नाही. गुण देताना मी चौकट आणि लांबी आधी धरतो, मग चेहऱ्यांचा तपशील, मग रंग, आणि घाण-ओरखडे सगळ्यात शेवटी. पुसलेल्या गुळगुळीत चित्रापेक्षा ओरखड्यांचं पण जिवंत चित्र कधीही वरचं.

डिस्क पुसताना मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत मऊ सुती कापडाने पुसा, गोल फिरवू नका. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीचा ०.६ वर. वर कडक लेप असला तरी खोल ओरखडा ब्लू-रेला जास्त भोवतो. डबा उभा, सावलीत, पक्क्या भिंतीच्या कपाटात ठेवा. टिनाखालच्या फळीवर ठेवली तर उन्हाळ्यात डिस्क वाकते. शारदा-दुर्गा उत्सवात मंडळाच्या पडद्यावर लावायचा विचार असेल तर या डिस्क घरगुती पाहण्यापुरत्याच विकलेल्या असतात, हक्कदाराची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

जुनी डीव्हीडी घरात असेल तर ब्लू-रे आली म्हणून ती कोणाला देऊन टाकू नका. डीव्हीडीत सिनेमा पूर्ण १४० मिनिटांचा आणि १.३७ च्या चौकटीत असेल, आणि नवी डिस्क पाय कापलेली, गाणं गाळलेली निघाली, तर पाहायला डीव्हीडीच लावा. आणि ब्लू-रे परत करायची असेल तर विक्रेत्याला 'चित्र खराब आहे' एवढंच न कळवता मोजलेली वेळ, पाटीवरची लांबी आणि कापलेल्या चौकटीचा फोटो सोबत जोडा.